जपानची शाळा, अमेरिकेची शाळा आणि सूचनेची वही

‘जपानमध्ये चौथीपर्यंत परीक्षाच नसते, फक्त संस्कार शिकवतात.’ पालकसभा, लोकल आणि घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मिळून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा ‘जपान’ म्हणाला की पुढचं मीच पूर्ण करते. त्याच्या जोडीला दुसरंही येतं: ‘अमेरिकेत मुलांना मोकळं सोडतात, म्हणून ती स्वतंत्र विचार करतात.’ म्हणजे जपान म्हणजे शिस्त, अमेरिका म्हणजे स्वातंत्र्य, आणि आपल्याकडे दोन्ही नाही, असा एकूण सूर.

पहिलं वाक्य तर सरळ चुकीचं आहे. जपानी प्राथमिक शाळेत धडा संपला की चाचणी असते. फक्त नापास करून त्याच वर्गात बसवत नाहीत. मुलं वर्ग झाडतात, जेवण वाढतात हे खरंय. पण त्यावरून त्यांचं गणित चांगलं का, याचं उत्तर मिळत नाही. दुसऱ्या वाक्यात काय गडबड आहे ते जरा सावकाश बघू, कारण आजची पोस्ट त्यावरच आहे.

त्याआधी ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख-गोसावींचा मराठी अनुवाद दादर-गिरगावच्या ज्या घरात पुस्तकांचं एक तरी कपाट आहे तिथे बहुतेक सापडतोच. तेत्सुको कुरोयानागींचं मूळ पुस्तक 1981 चं, आणि त्यातली तोमोए शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग, हव्या त्या विषयापासून दिवस सुरू करायची मुभा, तासन्‌तास मुलीचं बोलणं ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. पुस्तक मलाही फार आवडतं. पण ते वाचून ‘बघा, जपानी शिक्षण!’ म्हणणारे लोक पहिलंच प्रकरण विसरतात. तोत्तोचानला आधीच्या शाळेतून काढून टाकलेलं असतं, आणि ती आधीची शाळा म्हणजे तेव्हाची नेहमीची जपानी शाळा. कोबायाशी युरोपात जाऊन दालक्रोझ या स्विस संगीतशिक्षकाची ताल आणि हालचालीतून शिकवायची पद्धत शिकून आले होते. म्हणजे आपण ज्याला ‘जपानी’ म्हणून डोक्यावर घेतो ती शाळा जपानमध्ये अपवाद होती आणि तिच्यातली निम्मी कल्पना परदेशी होती. 1945 साली अमेरिकी विमानांच्या बाँबहल्ल्यात ती जळाली. तुलना करायला घेतलेले दोन देश एकमेकांना भेटतात ते असे.

शिस्तीच्या कल्पनेलाही एक धक्का द्यायला हवा. जोसेफ टोबिन आणि सहकाऱ्यांनी 1989 साली ‘प्रीस्कूल इन थ्री कल्चर्स’ हे पुस्तक काढलं. जपान, चीन आणि अमेरिका इथल्या बालवाड्यांचं चित्रण करायचं आणि एका देशातलं चित्रण दुसऱ्या देशातल्या शिक्षकांना दाखवून त्यांना बोलतं करायचं, अशी त्यांची पद्धत. क्योतोतल्या बालवाडीत हिरोकी नावाचा चार वर्षांचा मुलगा मारामाऱ्या करतो, खेळाची कार्डं गच्चीतून खाली फेकतो. वर्गात एका बाईंकडे 28 मुलं, आणि बाई बहुतेक वेळा मध्ये पडतच नाहीत. अमेरिकी शिक्षक हे बघून हादरले. ‘स्वातंत्र्यवाल्या’ देशातल्या शिक्षकांना ‘शिस्तवाल्या’ देशातला वर्ग फार मोकाट वाटला! जपानी शिक्षकांचं म्हणणं असं की भांडण कसं मिटवायचं हे मुलं एकमेकांतच शिकतात. वर्ग लहान केला, मोठ्या माणसांची संख्या वाढवली, तर ही संधीच जाते. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. दारात बसून भाजी निवडणाऱ्या काकूंचं सगळीकडे लक्ष असायचं, पण रक्त आल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत.

आता मुख्य पुस्तकाकडे येते. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हिबर्ट यांचं ‘द टीचिंग गॅप’, 1999. माझ्या विषयात, म्हणजे विज्ञान-गणित शिक्षणाच्या संशोधनात, हे पुस्तक न वाचता पीएचडी होत नाही. निदान माझ्या गाइडच्या हाताखाली तरी नाही. त्याचा पाया म्हणजे 1995 च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीबरोबर केलेला व्हिडिओ अभ्यास. आठवीचे गणिताचे 231 तास चित्रित केले: जर्मनीत 100, अमेरिकेत 81, जपानमध्ये 50. एका शिक्षकाचा एकच तास. मग सगळ्या टेपांचं मिनिटा-मिनिटाने वर्गीकरण.

मुलं जागेवर बसून स्वतः काम करत असतात त्या वेळात नेमकं काय करतात, हे त्यांनी मोजलं. अमेरिकेत त्यातला साधारण 96 टक्के वेळ आधी दाखवलेली रीत पुन्हा पुन्हा गिरवण्यात जात होता. जपानमध्ये 41 टक्के. आणि नवीन रीत शोधणं, विचार करून मार्ग काढणं यात जपानी मुलांचा 44 टक्के वेळ जात होता, अमेरिकी मुलांचा एक टक्कासुद्धा नाही. ‘अमेरिकेत विचार करायला शिकवतात, तिकडे पूर्वेला घोकंपट्टी’ या समजाची निदान गणिताच्या तासापुरती इथेच वाट लागते.

आकड्यांपेक्षा एक तास बघणं बरं. या अभ्यासातला एक जपानी तास बराच गाजलाय. शिक्षक फळ्यावर दोन शेजाऱ्यांच्या जमिनी काढतात. मधली हद्द सरळ नाही, एका ठिकाणी वाकलेली आहे. कुणाचीही जमीन कमी-जास्त न होता हद्द सरळ करून द्या. (आपल्याकडे हाच प्रश्न बांधाचा आहे आणि तो तालुक्याच्या कोर्टात तीन पिढ्या चालतो.) आदल्या तासाला मुलं शिकलेली असतात की एकाच पायावरच्या आणि दोन समांतर रेषांमधल्या त्रिकोणांचं क्षेत्रफळ सारखं असतं. हे सूत्र इथे वापरायचं असं शिक्षक सांगून टाकत नाहीत. आधी तीन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. मग मित्रांशी बोला, शिक्षकांना विचारा, नाहीतर पुढे ठेवलेली सूचनापत्रं बघा. युक्ती अशी: हद्दीची दोन टोकं जोडायची, वाकलेल्या बिंदूतून त्या रेषेला समांतर रेषा काढायची, आणि ती शेताच्या कडेला जिथे मिळते तिथून समोरच्या टोकापर्यंत नवी हद्द न्यायची. टोक कुठलं घेता यावर दोन उत्तरं येतात, आणि दोन्ही मुलांकडून फळ्यावर येतात. मग शिक्षक म्हणतात, आता चौकोनाचा त्याच क्षेत्रफळाचा त्रिकोण करा. बस. तासभर चाललेलं काम एवढंच.

अमेरिकी तासात कोन येतात. पूरक कोन म्हणजे काय, कोटिकोन म्हणजे काय, हा 30 अंशांचा तर तो किती? उत्तर एका शब्दाचं. बरोबर आलं की पुढचा प्रश्न.

हा दुसरा तास वाचताना मला लालबाग-परळचेच वर्ग आठवत होते. माझ्या कामासाठी मी या भागातल्या शाळांत मागच्या बाकावर बसून असते. सातवीचा वर्ग, त्रिकोणाचं क्षेत्रफळ. बाई चांगल्या, मुलांना जीव लावणाऱ्या. त्यांनी विचारलं, ‘निम्मं का घेतो आपण?’ प्रश्न अगदी बरोबर होता. दोन सेकंद शांतता. खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, ‘कारण तीन बाजू असतात.’ काही पोरं हसली. ‘बस खाली. कारण आयताचा अर्धा भाग असतो, लिहून घ्या.’ तेवढ्यात दारात शिपाईमामा सूचनेची वही घेऊन आले. बाईंनी सूचना वाचली, सही केली, मुलांनी ‘उद्या आधार कार्डची झेरॉक्स’ डायरीत लिहिली. तीन बाजूंचा त्या मुलाच्या डोक्यात निम्म्याशी काय संबंध होता, हे कुणालाच कळलं नाही. मला ते कळायला हवं होतं. मी डब्याच्या सुट्टीत त्याला शोधलं तर तो क्रिकेट खेळायला पळाला होता.

सूचनेच्या वहीची गंमत म्हणून सांगत नाहीये. व्हिडिओ अभ्यासात तासात बाहेरून येणारा व्यत्ययही मोजलाय. अमेरिकेच्या साधारण तीस टक्के तासांत लाउडस्पीकरवरची घोषणा किंवा दारात आलेलं कुणीतरी असा व्यत्यय होता. जपानच्या एकाही तासात नव्हता. त्यांच्या लेखी तास म्हणजे सुरुवात-मध्य-शेवट असलेली एक गोष्ट, आणि गोष्टीच्या मध्येच येऊन झेरॉक्स मागत नाहीत. म्हणूनच तिथले शिक्षक फळाही सहसा मध्येच पुसत नाहीत. डावीकडून उजवीकडे पूर्ण तास फळ्यावर उरतो, चुकीच्या उत्तरासकट.

चुकीच्या उत्तराबद्दल स्टिग्लर एक प्रसंग सांगतात. जपानमध्ये चौथीच्या वर्गात घनाची त्रिमितीय आकृती काढायची होती. ज्या मुलाला ती जमत नव्हती त्यालाच शिक्षकांनी फळ्यावर बोलावलं. तो काढतोय, वर्ग सांगतोय ‘अजून नाही’, तो परत काढतोय. अमेरिकी पाहुण्याला घाम फुटला, आता हे पोर रडणार. ते रडलं नाही. शेवटी आकृती जमली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे ‘फळ्यावर ये’ ही अजूनही बहुतेक वेळा धमकी असते.

इथवर पुस्तकाचं कौतुक झालं. आता माझी तक्रार.

पहिली गोष्ट नमुन्याची. जपानच्या तासांत भूमितीचा वाटा बाकीच्यांपेक्षा बराच जास्त होता. भूमितीत सिद्धता, दोन-तीन मार्ग, आकृतीशी खेळणं हे आपसूक येतं. बीजगणिताचे तास जास्त असते तर 44 टक्क्यांचा आकडा एवढाच आला असता का, ही शंका एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही काढेल. दुसरी, कॅमेरा बंद झाल्यावरचं जग. जपानी आठवीतला मुलगा शाळेनंतर अनेकदा ‘जुकू’त, म्हणजे खासगी क्लासला जातो, आणि पुढे हायस्कूलची प्रवेशपरीक्षा उभी असते. गिरवण्याचं जे काम अमेरिकी शाळा वर्गात करते, ते जपानी समाजाने क्लासवाल्यांकडे दिलंय असंही म्हणता येईल. दादर स्टेशनबाहेरच्या क्लासच्या पाट्या रोज बघणाऱ्या आपल्याला तरी हे सुचायला हवं.

तिसरी तक्रार सर्वात मोठी. शिकवणं ही ‘सांस्कृतिक कृती’ आहे, असं पुस्तक म्हणतं. शिक्षक ज्या वर्गात वाढला तसाच वर्ग तो चालवतो, इथपर्यंत पटतं. पण ‘संस्कृती’ हा शब्द एकदा आला की वाचक लगेच ‘जपानी माणूसच मुळात असा’ इथे घसरतो, आणि लेखक त्याला पुरेसं अडवत नाहीत. याला उत्तर याच गटाच्या पुढच्या अभ्यासात मिळालं, पण त्याची चर्चा फार कमी होते. 1999 च्या टिम्सबरोबर सात देशांचे तास बघितले गेले, अहवाल 2003 चा. त्यात हाँगकाँगही होतं. हाँगकाँगची मुलं चाचणीत अव्वल, पण तिथले तास जपानसारखे अजिबात नव्हते. रीत गिरवणं भरपूर. मग साम्य कशात? संकल्पनांचा एकमेकींशी संबंध जोडायला लावणारे प्रश्न जपानमध्ये 54 टक्के होते, अमेरिकेत 17, हाँगकाँगमध्ये जेमतेम 13. म्हणजे अमेरिका इथे हाँगकाँगच्या पुढे! पण असा प्रश्न विचारल्यावर वर्गात त्याचं काय झालं? जपानमध्ये त्यातले 48 टक्के आणि हाँगकाँगमध्ये 46 टक्के प्रश्न शेवटपर्यंत तसेच राहिले. अमेरिकेत जवळजवळ शून्य. शिक्षक घाईने रीत सांगून टाकत होते, किंवा नुसतं उत्तर.

‘निम्मं का घेतो आपण?’ हा तसाच प्रश्न होता. तो विचारला गेला, आणि दहा सेकंदांत ‘लिहून घ्या’ झाला. पाठ्यपुस्तक बदलून, प्रश्नपेढी वाढवून, ‘विचारप्रवर्तक’ प्रश्न छापून हे सुटत नाही, कारण प्रश्न मरतो तो छापल्यानंतर.

इतिहास बघितला तर राष्ट्रीय स्वभावाची थिअरी अजूनच ढिली पडते. मेइजी काळात जपानने शिक्षक-प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा तोक्योच्या अध्यापक विद्यालयात शिकवायला अमेरिकेहून मॅरियन स्कॉटला आणलं होतं. पुढे 1919 मध्ये जॉन ड्यूई तोक्योत व्याख्यानं देत होते. (त्याच वर्षी त्यांचे कोलंबियातले विद्यार्थी भीमराव आंबेडकर मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते आणि परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. ड्यूई तोक्योत, बीजिंगमध्ये आणि परळमध्ये काय काय झाले, यावर कधीतरी वेगळी पोस्ट लिहीन.) युद्धानंतर तर जपानची 6-3-3-4 ही आख्खी रचनाच अमेरिकी अंमलाखाली ठरली. आणि 1999 नंतर अमेरिकी शिक्षक जपानी ‘लेसन स्टडी’ शिकायला लागले. उसनवारी दोन्ही बाजूंनी चाललीय. फरक पडतो तो उसनं आणलेलं कोण, कुठे बसून, किती दिवस घासतं यावर.

‘लेसन स्टडी’ म्हणजे काय ते थोडक्यात. शाळेतले चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ निवडतात. कित्येक आठवडे तो रचतात: मुलांना कुठला आकडा द्यायचा, कुठली चुकीची उत्तरं येतील, आली तर काय करायचं. मग एक जण शिकवतो आणि बाकीचे भिंतीला लागून उभे राहून मुलांकडे बघतात. शिक्षकाला मार्क द्यायचे नसतात. नंतर चर्चा, बदल, आणि दुसऱ्या वर्गावर दुसऱ्या शिक्षकाकडून तोच पाठ. तो जमिनीच्या हद्दीसारखा प्रश्न एका प्रतिभावान गुरुजींना पहाटे सुचलेला नसतो.

याची किंमतही आहे, ती लपवू नये. ओईसीडीच्या 2018 च्या पाहणीत जपानचे माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी 56 तास काम करत होते, सहभागी देशांत सर्वात जास्त. पण त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास फक्त 18 होते, हेही त्याच पाहणीतलं.

आता आपल्याकडे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट आठवतंय? (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट.) प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादाचं काम उभं केलं, राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे जाऊ लागल्या, आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर तर गावोगावच्या शाळांत फरशा रंगल्या. शंभरचा तक्ता, संख्यारेषा, शब्दांचे गोल. फरशीवर लिहायला पोरांना मजा येते, त्याला माझी अजिबात ना नाही. पण गाडीतून एका दिवसात घरी नेता येतं ते फरशीवरचं चित्र. कुठलं चित्र, कुठल्या मुलासाठी, कधी पुसायचं, यावर शिक्षकांनी एकमेकांशी जी डोकेफोड केली असेल ती गाडीत बसत नाही. अमेरिकेतही हेच झालं: सुधारणेच्या नावाखाली शिक्षकांनी गट करून बसवलं, वस्तू हातात दिल्या, आणि प्रश्न पूर्वीसारखाच दहा सेकंदांत मारला. ‘टीचिंग गॅप’मधलं हे निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

उसनं आणून घासणं म्हणजे काय, याचं उदाहरण शोधायला जपानला जायची गरज नाही. ताराबाई मोडक दादरच्या शिशुविहारमधून बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे इटलीच्या माँटेसोरीची पद्धत होती आणि तिची महागडी साधनं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली, आणि साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. पद्धत मोडून परत जोडायला ताराबाईंना आणि अनुताई वाघांना वर्षानुवर्षं लागली.

मुंबईच्या शिक्षकाकडे आठवड्यातला तेवढा एक तास तरी आहे का? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला देता येतात, आणि मतदारयादीचं काम घेऊन चाळीचे जिने चढणारे शिक्षक परळ-लालबागमध्ये सगळ्यांनी पाहिलेत. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण सांगितलंय, पण ते बरेचदा मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून पूर्ण होतं. शिवाय गिरगाव-लालबागमधल्या मराठी शाळांचे पट इतके उतरलेत की अनेक ठिकाणी वरच्या वर्गांना गणित शिकवणारा शिक्षक एकटाच उरलाय. ज्याच्याबरोबर पाठ रचायचा तो सहकारीच शाळेत नाही. मराठी शाळा बंद पडण्याबद्दल आपण भाषेच्या अंगाने पुष्कळ बोलतो. एकटा पडलेला शिक्षक त्या चर्चेत येत नाही.

आणि तरीही महापालिकेच्या इमारतींकडे नीट बघा. एकाच इमारतीत तळमजल्यावर मराठी, पहिल्यावर हिंदी, दुसऱ्यावर उर्दू माध्यम अशी रचना या शहरात जुनीच आहे. बालभारतीचं सातवीचं गणित तिन्ही मजल्यांवर एकच, फक्त भाषा वेगळी. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवणारे तीन शिक्षक एकाच जिन्याने वर-खाली करतात. ‘तीन बाजू असतात म्हणून निम्मं’ हे उत्तर उर्दूतही येत असेल का, हे त्यांनी एकमेकांना विचारायला निधी लागत नाही, जपानी तज्ज्ञही लागत नाही. महिन्यातून एकदा तिघांचा एक तास एकाच वेळी मोकळा ठेवणारं वेळापत्रक लागतं, आणि त्या तासाला सूचनेची वही खाली मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहावी लागते.